वर्गमूळ, अंदाज आणि पडताळा

वसतिशाळेच्या स्मरणिकेत वर्गमूळावरचा लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. स्मरणिकेत आठवणी असाव्यात, कृतज्ञता असावी, वाटचालीचा आढावा असावा, हे आम्हांलाही मान्य आहे. परंतु शाळेने पुढील वर्षांत काय शिकवावे, यावरही अशा अंकात चार शब्द बोलले जावेत असे आम्हांस वाटते. या शाळेत शिकवलेले काही शिक्षक आणि येथून शिकून गेलेले काही विद्यार्थी मिळून आम्ही हा विचार मांडत आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे : आठवीतून नववीत जाणाऱ्या प्रत्येक मुलाने आणि मुलीने वर्गमूळ काढणारे एक छोटे फंक्शन संगणकावर स्वतः लिहिलेले असावे. अंदाज घ्यावा, तो तपासावा, सुधारावा आणि पुरेसा झाला की थांबावे, हा क्रम त्यांनी आपल्या हाताने यंत्राला शिकवलेला असावा. हा आग्रह आम्ही का धरतो, ते पुढे सविस्तर सांगतो.

आपल्याकडे वर्गमूळ बहुधा दोन रीतींनी शिकवले जाते. संख्या पूर्ण वर्ग असेल तर तिचे मूळ अवयव पाडून जोड्या लावायच्या. नसेल तर भागाकाराच्या पद्धतीने, दोन-दोन अंकांचे गट पाडून, उत्तराचा एकेक अंक काढत जायचे. ही दुसरी रीत जुनी आणि भरवशाची आहे. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये रचलेल्या आर्यभटीयाच्या गणितपादात वर्गमूळाचा जो नियम दिला आहे, त्याच कुळातली ती आहे. तिची थोरवी आम्ही नाकारत नाही. मात्र ही रीत पाठ झालेल्या मुलाला, ‘आलेल्या भागाकाराची दुप्पट का करायची?’ असे विचारले, तर बहुतेक वेळा उत्तर मिळते, ‘तशीच रीत आहे.’ मधल्या एका पायरीवर हात चुकला तर पुढचे सगळेच चुकते, आणि चुकले आहे हे मुलाला स्वतःहून कळत नाही. उत्तर बरोबर की चूक, हे सांगणारा शिक्षक किंवा पुस्तकामागची उत्तरसूची जवळ असावी लागते. आमचे लक्ष या परावलंबनाकडे आहे.

वर्गमूळ ही परीक्षेपुरती गोष्ट आहे, असा समज मावळात तरी कोणी बाळगू नये. येथे जमिनीचा भाव गुंठ्यावर बोलला जातो. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, आणि १०८९ हा ३३ चा वर्ग आहे. म्हणजे चौरस गुंठ्याची बाजू नेमकी ३३ फूट. एवढे पुष्कळांना ठाऊक असते. पण दोन गुंठ्यांच्या चौरसाची बाजू किती? काहीजण घाईने ६६ म्हणतात. ६६ फूट बाजूचा चौरस चार गुंठ्यांचा होतो. दोन गुंठे म्हणजे २१७८ चौरस फूट; त्याचे वर्गमूळ साधारण ४६.६७ फूट. प्रत्यक्षातला तुकडा चौरस असतोच असे नाही, परंतु ही बाजू मनात असलेल्या माणसाला नजरेने बराच अदमास येतो. ‘दोन गुंठे’ म्हणून ५० बाय ४० चा तुकडा दाखवला गेला, तर तो २००० चौरस फुटांचा आहे आणि १७८ चौरस फूट कमी भरतो, हे त्याच्या ध्यानात येते. द्रुतगती मार्ग झाल्यापासून लोणावळा, कामशेत, वडगाव या पट्ट्यात जमिनीचे जे व्यवहार झाले, त्यांत अशा अदमासाची किंमत काय असते, हे अनेक पालकांना आम्ही सांगायला नको.

आता ही बाजू काढायची कशी? समजा, एका एकराच्या चौरसाची बाजू हवी आहे. एक एकर म्हणजे ४० गुंठे, अर्थात ४३,५६० चौरस फूट. २०० चा वर्ग ४०,००० होतो, म्हणून २०० हा अंदाज घेऊ. बाजू २०० फूट धरली तर तेवढेच क्षेत्र भरण्यासाठी दुसरी बाजू ४३,५६० भागिले २००, म्हणजे २१७.८ फूट असावी लागेल. आपल्या हाती चौरसाऐवजी किंचित लांबट आयत आला. खरे उत्तर या दोन बाजूंच्या मध्ये कुठेतरी असणार, कारण एक बाजू खऱ्या उत्तराहून लहान असेल तर दुसरी मोठी असलीच पाहिजे. म्हणून दोघांची सरासरी घेऊ : २०८.९. हा आपला नवा अंदाज. पुन्हा तेच. ४३,५६० भागिले २०८.९ म्हणजे २०८.५२, सरासरी २०८.७१. दोन फेऱ्यांत जे उत्तर आले, त्यातील चूक केसाच्या जाडीहूनही कमी आहे. सारी पद्धत एवढीच. एका ओळीत सांगायचे तर :

नवा अंदाज = (जुना अंदाज + संख्या ÷ जुना अंदाज) ÷ २

हीच पद्धत घराच्या पायाच्या आखणीला लागते. आपल्या शाळेतील अनेक मुलांचे वडील गवंडीकाम करतात, आया बिगारी म्हणून कामाला जातात. पायाचा कोपरा काटकोनात आहे की नाही हे पाहण्यासाठी गवंडी गुण्या लावतो, ३-४-५ ची दोरी धरतो किंवा दोन्ही कर्ण मोजून पाहतो. १२ फूट बाय १० फूट खोलीचा कर्ण म्हणजे २४४ चे वर्गमूळ. १५ हा अंदाज घेतला तर २४४ भागिले १५ म्हणजे १६.२७ आणि सरासरी १५.६३. आणखी एका फेरीत १५.६२ येते, म्हणजे १५ फूट आणि सुमारे साडेसात इंच. पहिल्याच फेरीतली चूक जेमतेम चार मिलिमीटरची होती. पायाच्या कामाला तेवढे पुरेसे आहे. वडिलांच्या हातातली टेप आणि आपल्या वहीतले गणित ही एकाच कामाची दोन टोके आहेत, हे मुलाला यातून दिसते. वडिलांच्या कामात बुद्धी असते, हेही दिसते. आणि ते दिसणे मुलाच्या मनाला फार आवश्यक असते.

या पद्धतीचा वेग पाहण्यासारखा आहे. २ चे वर्गमूळ काढताना १ पासून सुरुवात केली तर पुढचे अंदाज असे येतात : १.५, मग १.४१६६…, मग १.४१४२१५…, मग १.४१४२१३५६२३७… पहिल्या फेरीनंतरची चूक ०.०८६ च्या आसपास असते, दुसरीनंतर ०.००२५, तिसरीनंतर ०.०००००२१, आणि चौथीनंतर दशांश चिन्हापुढे अकरा शून्ये लिहावीत इतकी बारीक. यामागे एक साधा नियम आहे. नव्या अंदाजातली चूक काढायची तर जुन्या चुकीचा वर्ग करून त्याला जुन्या अंदाजाच्या दुपटीने भागावे. लहान अपूर्णांकाचा वर्ग केला की तो आणखी लहान होतो. म्हणून उत्तरातले बरोबर अंक प्रत्येक फेरीला साधारण दुप्पट होत जातात. नववीतले मूल हा नियम बीजगणिताने स्वतः सिद्ध करू शकते. पुढे अभियांत्रिकीला गेलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी न्यूटन-रॅफसन पद्धत म्हणून जे सूत्र पाठ केले, त्याचेच हे सर्वांत साधे रूप आहे. आठवीत गुंठ्यांवर ते हाताळले असते, तर अभियांत्रिकीत ते परके वाटले नसते.

ही पद्धत सतराव्या शतकातील न्यूटनहून फार जुनी आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहात बॅबिलोनी संस्कृतीतील एक लहानशी मातीची पाटी आहे. तिचा काळ इ. स. पू. १८०० ते १६०० च्या दरम्यानचा मानतात. तिच्यावर एक चौरस आणि त्याचे दोन कर्ण कोरलेले असून २ च्या वर्गमूळाची जी किंमत दिली आहे ती आपल्या दशांश पद्धतीत १.४१४२१२९६ होते. पाच दशांश स्थळांपर्यंत ती अचूक आहे. ही किंमत कशी काढली ते पाटीवर लिहिलेले नाही. ती पाटी बहुधा एका विद्यार्थ्याच्या सरावाची असावी, असे अभ्यासकांचे मत आहे. आपल्याकडच्या शुल्बसूत्रांत याच मुळासाठी जो आसन्न अपूर्णांक येतो तो ५७७/४०८ आहे. ३/२ पासून निघून वर सांगितलेल्या दोन फेऱ्या केल्या तर १७/१२ आणि मग नेमका हाच अपूर्णांक मिळतो. पण तो याच मार्गाने काढला असे सूत्रकार म्हणत नाहीत, म्हणून आपणही म्हणू नये. १८८१ मध्ये पेशावरजवळच्या बख्शाली गावी सापडलेल्या हस्तलिखितातील वर्गमूळाचा नियम या पद्धतीच्या दोन फेऱ्यांइतके उत्तर देतो. अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने पहिल्या शतकात ७२० चे वर्गमूळ काढून दाखवताना २७ पासून सुरुवात केली, सरासरीने पावणेसत्तावीसहून किंचित मोठे असे २६ पूर्णांक ५/६ हे उत्तर काढले आणि आणखी सूक्ष्म उत्तर हवे असल्यास हीच कृती पुन्हा करावी, असे स्पष्ट सांगितले. पुन्हा करावी, या सांगण्यात पुढे संगणकाला द्यायच्या आज्ञेचे बीज आहे.

इतका इतिहास आम्ही अभिमानासाठी सांगत नाही. अमुक ज्ञान आधी आमचेच होते, असा वाद घालण्यात आम्हांला रस नाही. बॅबिलोन, ग्रीस, भारत या साऱ्या भूमींवर माणसे एकाच प्रश्नाशी झटत होती, आणि त्या ज्ञानाच्या दारापर्यंत कोणाला पोहोचू दिले जात होते, हा प्रश्न आपल्या समाजाला अधिक जवळचा आहे. कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब आहे. तेथील शिलालेखांत दाता म्हणून धेनुकाकटाच्या सामी नावाच्या एका सुताराचेही नाव कोरलेले आहे; दर्शनी दरवाजाचे काम त्याचे. अखंड खडकात एवढे प्रमाणबद्ध काम करणाऱ्या हातांना माप कळत नव्हते, असे कोण म्हणेल? पण हाताचे ज्ञान पुढच्या काळात पाटीपर्यंत पोहोचू दिले गेले नाही. पाटी मिळाली ती फार उशिरा, आणि ती मिळवण्यासाठी आपल्या पूर्वजांना काय सोसावे लागले ते सर्वश्रुत आहे. म्हणून हाताचे ज्ञान आणि पाटीचे ज्ञान यांची गाठ घालणारा धडा आम्हांला मोलाचा वाटतो.

आता संगणकाकडे वळू. फंक्शन म्हणजे संगणकाला एकदा नीट समजावून दिलेली आणि नाव ठेवलेली कृती. पुढे केवळ ते नाव घेतले आणि संख्या दिली की यंत्र उत्तर परत करते. आमच्या मनातले फंक्शन असे आहे :

१. संख्या घ्यावी. ती ऋण असेल तर उत्तर देता येत नाही असे कळवून थांबावे. शून्य असेल तर शून्य हेच उत्तर द्यावे.
२. पहिला अंदाज म्हणून १ घ्यावा.
३. संख्येला अंदाजाने भागावे. भागाकार आणि अंदाज यांची सरासरी हा नवा अंदाज.
४. नवा अंदाज पुरेसा चांगला आहे का, ते तपासावे.
५. असेल तर तो उत्तर म्हणून परत करावा. नसेल तर त्यालाच जुना अंदाज मानून तिसऱ्या पायरीवर जावे.

पायथन या भाषेत हे सारे दहा-बारा ओळींत मावते. त्या भाषेतले ठरावीक शब्द इंग्रजी असले, तरी फंक्शनला ‘वर्गमूळ’ आणि आतल्या चलांना ‘संख्या’, ‘अंदाज’ अशी देवनागरी नावे देता येतात व प्रोग्राम चालतो. इंग्रजी कच्चे म्हणून मागे बसणाऱ्या मुलाला पडद्यावर आपल्या भाषेतले नाव दिसले, तर त्याचा यंत्राशी होणारा पहिला संवाद सोपा होतो. इंग्रजी त्याने शिकलीच पाहिजे. पण विचार करण्यासाठी ती येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

या पाच पायऱ्यांतली सर्वांत महत्त्वाची पायरी चौथी आहे. पुरेसा चांगला म्हणजे किती चांगला? सरासरी कशी घ्यायची ते सूत्र सांगते. कुठे थांबायचे ते माणसाला ठरवावे लागते. मुले सहसा असे ठरवतात की अंदाजाचा वर्ग आणि मूळ संख्या यांतला फरक ०.००१ हून कमी झाला की थांबायचे. दोन गुंठ्यांसाठी, एकरासाठी हा नियम उत्तम चालतो. आता त्याच फंक्शनला ०.०००१ चे वर्गमूळ विचारावे. एक चौरस सेंटिमीटर म्हणजे ०.०००१ चौरस मीटर. त्याची बाजू ०.०१ मीटर, म्हणजे एक सेंटिमीटर, हे लहान मूलही सांगेल. फंक्शन मात्र सुमारे ०.०३२३ असे उत्तर देऊन समाधानाने थांबते. एक सेंटिमीटरच्या जागी जवळजवळ सव्वातीन! त्याने नियम मोडलेला नाही. ०.०३२३ चा वर्ग आणि ०.०००१ यांतला फरक ०.००१ हून कमीच आहे. दोष नियमात आहे. जी मोजपट्टी मोठ्या संख्येला बारीक होती, ती लहान संख्येला फार जाड ठरली. उलट टोकाला, चौदा आकडी काही संख्या दिल्या तर हेच फंक्शन कधी थांबतच नाही, कारण यंत्राची अंक साठवण्याची मर्यादा संपते आणि फरक ०.००१ च्या खाली येऊच शकत नाही.

यावरचा उपाय मुलांना स्वतः शोधू द्यावा. थोड्या चर्चेनंतर कोणीतरी म्हणतेच, फरक किती आहे हे न पाहता अंदाजाच्या मानाने किती आहे हे पाहू. एका फेरीत अंदाज स्वतःच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी बदलला, तर थांबू. हा नियम लहानमोठ्या दोन्ही संख्यांना न्याय देतो. येथे गणित पुन्हा जमिनीवर येते. बाजू मोजताना एका फुटाची चूक झाली तर एकराच्या चौरसात क्षेत्राचा फरक एक टक्क्याच्या आसपास पडतो. एका गुंठ्यात तीच चूक सहा टक्क्यांची होते. ज्याच्याकडे थोडे आहे त्याच्यावर तीच चूक जड पडते. सर्वांना एकच माप लावले म्हणजे न्याय झाला, असे मानणाऱ्या व्यवस्थेत लहानाचे काय होते, हे आपल्या समाजाने अनुभवले आहे. तेराव्या-चौदाव्या वर्षी एका छोट्या फंक्शनमध्ये ही गोष्ट ज्या मुलाने स्वतः पकडली, ते मूल मोठेपणी कोणतेही कोष्टक, कोणताही निकष, कोणतीही सरासरी डोळे मिटून स्वीकारणार नाही.

आमच्या आग्रहाचे दुसरे कारण चुकीच्या भीतीशी निगडित आहे. वसतिशाळेत येणारी पुष्कळ मुले घरातील शाळेत जाणारी पहिली किंवा दुसरी पिढी असते. वर्गात उत्तर चुकले तर हसे होईल, आपल्याबरोबर आपल्या घराचेही हसे होईल, ही धास्ती त्यांच्या मनात खोल असते. म्हणून ती गप्प बसतात, आणि गप्प बसलेले मूल हुशार आहे की अडलेले, हे कोणालाच कळत नाही. या पद्धतीत चुकीचा अंदाज ही सुरुवात असते. कोणी २०० घेईल, कोणी ५००, कोणी नुसता १. सगळे एकाच उत्तराशी येऊन पोहोचतात, कोणाला चार फेऱ्या जास्त लागतात इतकेच. वर्गातली सर्वांत भित्री मुलगीदेखील एखादा अंदाज सांगू शकते, आणि तिचा अंदाज वाया जात नाही. चूक मोजता येते, मोजली की कमी करता येते, आणि किती कमी झाली तेही पाहता येते. हा अनुभव कोणत्याही प्रोत्साहनपर भाषणाहून अधिक काम करतो, असे आमचे निरीक्षण आहे.

धम्मवंदनेत आपली मुले ‘एहिपस्सिको’ हा शब्द रोज उच्चारतात : या आणि स्वतः पाहा. परंपरा सांगते म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू म्हणतात म्हणून काही स्वीकारू नये, अनुभवाने पारखून घ्यावे, ही कालामसुत्तातील शिकवण आपण अनेकदा ऐकतो. तथागतांनी वर्गमूळ शिकवले असे म्हणण्याचा खुळेपणा आम्ही करणार नाही, आणि सरासरीला मध्यम मार्ग म्हणण्याचाही नाही. पण जी शाळा सकाळच्या वंदनेत ‘स्वतः पाहा’ म्हणते, तिने दुपारच्या गणिताच्या तासाला ‘तशीच रीत आहे’ म्हणून मुलाला गप्प करू नये, एवढी अपेक्षा रास्त आहे. आलेल्या उत्तराचा वर्ग करून पाहणे, हा पडताळा प्रत्येक मुलाच्या आवाक्यात आहे. त्यासाठी कोणाच्या मान्यतेची गरज नाही.

एकच कृती पुन्हा पुन्हा करत राहण्यातून काय हाती लागते, याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातही आहे. नाशिकजवळच्या देवळालीत दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) नावाचे शिक्षक होते. गणिताचे पदव्युत्तर शिक्षण त्यांच्या वाट्याला आले नव्हते. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करावी, आलेल्या उत्तरावर हेच पुन्हा करावे. फार तर सात फेऱ्यांत ६१७४ येते आणि पुढे बदलत नाही, हे त्यांनी १९४९ मध्ये शोधले. ३५२४ घेऊन पाहा : ५४३२ उणे २३४५ म्हणजे ३०८७; ८७३० उणे ०३७८ म्हणजे ८३५२; ८५३२ उणे २३५८ म्हणजे ६१७४. आज ही संख्या जगभर कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखली जाते. वर्गमूळाच्या कृतीतही असेच होते : अंदाज खऱ्या मुळावर पोहोचला की पुढच्या फेरीत तो जागचा हलत नाही. एका शाळामास्तरांनी कागद-पेन्सिलीने हे केले; आपल्या मुलांच्या हाती तर संगणक आहे.

या सूचनेवर जे आक्षेप येतील ते आम्हांला ठाऊक आहेत. पहिला, हे परीक्षेत विचारत नाहीत. खरे आहे. पण सरासरी, अपूर्णांक, दशांश, बैजिक राशी, पायथागोरसचा सिद्धांत हे सगळे परीक्षेत येते, आणि या एका कामात त्या सर्वांचा सराव होतो. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन केले तेव्हा प्राथमिक शिक्षणात हिशेब, शेती, आरोग्य यांची माहिती असावी असा आग्रह धरला होता. जगण्याच्या उपयोगाचे ज्ञान शाळेत मागण्याची आपली परंपरा जुनी आहे.

दुसरा आक्षेप, मोबाइलवर एक बटण दाबले की वर्गमूळ मिळते. मिळते, आणि त्या बटणामागेही कोणीतरी लिहिलेली अशीच कृती असते. काही यंत्रे भागाकाराच्या रीतीने एकेक अंक काढतात, काही असाच अंदाज सुधारत नेतात. बटण दाबणारे आणि बटण घडवणारे अशी माणसांची विभागणी होत असताना आपली मुले कोणत्या बाजूला असावीत, एवढाच प्रश्न आहे. मावळाच्या शेजारी, मुळशीतल्या हिंजवडीच्या इमारतींसाठी आपल्या लोकांनी विटा वाहिल्या. त्या इमारतींत आपली मुले रखवालदाराच्या खुर्चीपाशी थांबू नयेत, असे कोणत्या पालकाला वाटत नाही?

तिसरा आक्षेप नवा आहे : कृत्रिम बुद्धिमत्ता आता असे फंक्शन क्षणात लिहून देते, मग मुलांनी का लिहावे? आमच्या मते याच कारणासाठी लिहावे. तिने ०.००१ चा नियम वापरून फंक्शन दिले, तर एक चौरस सेंटिमीटरची बाजू विचारून पाहण्याचे सुचणार कोणाला? ज्याने ते एकदा स्वतः लिहून, फसताना पाहून, दुरुस्त केले आहे त्यालाच. दुसऱ्याने केलेले काम तपासण्याची योग्यता ते काम स्वतः केल्याशिवाय येत नाही. गवंड्याचे काम पाहणारा मुकादम हे उत्तम जाणतो.

चौथा आक्षेप संगणकांच्या कमतरतेचा. अनेक शाळांत संगणकाची खोली कुलपात असते. यंत्रांवर कापडी आच्छादन असते आणि पाहुणे आले की ते निघते. संगणक थोडे आहेत हे खरे, पण हे काम आधी कागदावर करायचे आहे. एका मुलाने अंदाज सांगावा, दुसऱ्याने भागाकार करावा, तिसऱ्याने सरासरी काढावी, चौथ्याने पुरेसे झाले का ते ठरवावे. चार मुलांचा गट हाच चालता-बोलता संगणक होतो. असे दोन तास झाले की मग यंत्रापुढे बसायला प्रत्येकी अर्धा तासही पुरतो. पण त्या अर्ध्या तासात कळफलक मुलींच्या हातीही मुलांइतकाच यावा. बघ्यांच्या रांगेत उभे राहून कोणी प्रोग्राम लिहायला शिकत नाही.

म्हणून आमच्या तीन विनंत्या आहेत. शाळेने आठवीच्या वर्षात या कामासाठी आठ-दहा तास राखून ठेवावेत, आणि प्रत्येक मुलाचे फंक्शन त्याच्या नावानिशी जपून ठेवावे. पालकांनी सुट्टीत घरी आलेल्या मुलाला, किती गुण मिळाले यासोबतच, आपल्या अंगणाचा कर्ण किंवा वावराच्या तुकड्याची बाजू काढून दाखवायला सांगावे, आणि टेप लावून ते उत्तर त्याच्यासमोर पडताळून पाहावे. माजी विद्यार्थ्यांनी संगणक दान केले, त्याबद्दल शाळा कृतज्ञ आहेच; पण जे अभियांत्रिकीत, संगणकाच्या क्षेत्रात, बँकेत, भूमापनात काम करतात, त्यांनी महिन्यातला एक रविवार येथे येऊन मुलांच्या शेजारी बसावे. त्यांनी उत्तर सांगू नये. ‘तुझा अंदाज काय? तो बरोबर आहे हे तुला कसे कळले? तू येथेच का थांबलास?’ एवढे तीन प्रश्न विचारावेत.

पुढील शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होईल. तोवर शिकवण्याची टिपणे मराठीत तयार करून शाळेकडे सुपूर्द करण्याची जबाबदारी आम्ही घेत आहोत. ज्या माजी विद्यार्थ्यांना रविवार देणे शक्य आहे, त्यांनी शाळेच्या कार्यालयात आपले नाव नोंदवावे, ही आमची नम्र विनंती.